धुतलेली वीट

माझं संशोधन कशावर आहे, असं कुणी विचारलं की मला आधी राग येतो. प्रश्नाचा नाही, उत्तराचा. कारण उत्तर पुरं होईपर्यंत समोरचा माणूस थांबत नाही. "डिझेल इंजिनाच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड हायड्रोकार्बनच्या मदतीनं..." इथपर्यंत मी आले की मावशी म्हणते, "म्हणजे पीयूसी का गं?" आणि शेजारच्या काकू विचारतात, "मग लग्नाचं काय ठरवलंस?" यातला कुठला प्रश्न जास्त चीड आणणारा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तरी एकदा सांगतेच. इंजिनात इतकी उष्णता असते की हवेतला नायट्रोजन, जो एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, तोही ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. त्यातून तयार होणारा वायू वाईट. संध्याकाळी जालना रोडला सिग्नलवर उभं राहिलं की डोळे चुरचुरतात आणि घसा खवखवतो, त्यात त्याचाही वाटा असतो. नव्या ट्रकांना यासाठी युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी असते. ते पाणी धुरात फवारलं की हा वायू कमी होतो. आमचं म्हणणं असं की वेगळी टाकी हवी कशाला? डिझेल गाडीत आहेच. त्यातलंच थोडं धुरात सोडा आणि पुढं एक अशी वीट ठेवा, की तिच्यावर डिझेलनं नायट्रोजनकडचा ऑक्सिजन काढून घ्यावा आणि नायट्रोजन पुन्हा मोकळा होऊन आपल्या वाटेनं जावा.

लॅबमध्ये आम्ही तिला वीटच म्हणायचो. दिसायला ती गोल, सिरॅमिकची, मोठ्या तांब्याएवढी. एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत आरपार बारीक भोकं. भोकांच्या आतल्या भिंतींवर ॲल्युमिनाचा पातळ लेप आणि त्या लेपात चांदीचे कण, डोळ्यांना कधीच न दिसणारे. जे काही काम व्हायचं ते त्या लेपात. बाकी नुसतं मातीचं भांडं.

सिलिंडरमधला शुद्ध वायू सोडला की आमच्या विटा शहाण्यासारख्या वागायच्या. इंजिनाला जोडल्या की रुसायच्या. आमचं इंजिन म्हणजे विहिरीवरच्या पंपाला असतं तसलं एका सिलिंडरचं धूड. ते सुरू झालं की खालच्या मजल्यावरचे प्राध्यापक वर निरोप पाठवायचे. डिझेल रस्त्यावरच्या पंपाचं. त्यातल्या गंधकानं एक वीट निकामी झाली. दुसरीवर काजळी इतकी बसली की धूर पुढं सरकेना. तिसरी चांगली निघेल असं वाटत होतं, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत विभागाला रंग द्यायला आलेल्या लोकांनी टेबल सरकवताना ती खाली पाडली आणि तुकडे गोळा करून, माझ्यावर उपकार म्हणून, एका पिशवीत घालून ठेवले. मी त्या दिवशी जिन्यात बसून रडले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. ते शेजारून जाताना म्हणाले, "संशोधनात असं होतंच." मला त्या वाक्याचा इतका संताप आला की पुढचे दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आणि मग एक वीट चालली. खऱ्या इंजिनावर, पंपावरच्या डिझेलवर चालली. विटेच्या अलीकडचा आकडा आणि पलीकडचा आकडा यांत इतका फरक पडला की मी धुरातला वायू मोजणारा ॲनालायझर बंद करून पुन्हा लावला. तोच फरक. दुसऱ्या दिवशी तोच. त्या आठवड्यात मी रस्त्यावर लोकांना उगाचच वाट देत होते.

ती वीट मिळाली तेव्हा दसरा तोंडावर आला होता आणि दसरा झाला की लगेच प्रकल्प तपासायला समिती येणार होती. समितीसमोर वीट चालली तर प्रकल्पाला मुदतवाढ मिळणार, म्हणजे माझा प्रबंध पुरा होणार. नाही चालली तर प्रकल्प बंद, इंजिन पहिल्या वर्षाच्या मुलांच्या प्रॅक्टिकलला, आणि मी पुन्हा कोचिंग क्लासमध्ये अकरावीला मोलची संकल्पना शिकवायला. तो क्लास मी एकदा सोडून आले होते. तिथं परत जायचं नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात पक्कं होतं.

सुट्टीत लॅबमध्ये वीट ठेवायची माझी छाती झाली नाही. रंगवाले गेले होते, पण दसऱ्याआधी विभागाची झाडलोट होते, टेबलं हलतात, कुणीतरी काहीतरी कुठंतरी ठेवतं. मी ती टॉवेलात गुंडाळली, स्कूटीवर पायांच्या मध्ये ठेवली आणि सिडकोतल्या माझ्या खोलीवर घेऊन आले. जगात एवढी एकच जागा होती जिथं ती सुखरूप राहील, असं मला वाटलं.

खोलीवर तेव्हा आबा होते. माझे वडील. पाचोडजवळ आमची मोसंबीची बाग आहे. आबा एरवी शहरात आले तर दिवस मावळायच्या आत परत निघतात. पण या वेळी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी दोन आठवडे धूळ, ऊन, वाकणं, सगळं बंद केलं होतं. आई गावाकडं गुरं-वासरं बघत होती. आबा माझ्या एका खोलीत, काळा चष्मा लावून, खुर्चीत बसून. त्यांना काही सुचत नव्हतं. दिवसातून चार वेळा फोन करून आईला विचारायचे, "पाणी सोडलं का?" आणि आई चार वेळा सांगायची की सोडलं.

"हे काय आणलं?" त्यांनी टॉवेल उघडून विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं, हे मान्य करायला हवं. युरियाच्या टाकीपाशी अडवलं तेवढंच.

"युरिया? ट्रकात घालत्यात? इथं आमाला दुकानदार म्हणतो संपला, आन् ते ट्रकात घालत्यात व्हय?"

"तोच तर मुद्दा आहे आबा. युरिया नको, डिझेलनंच काम व्हावं."

"मग ब्येस हाय की." त्यांनी वीट दोन्ही हातांत घेतली, जड आहे का पाहिली, चांगला डोळा जवळ नेऊन भोकांत पाहिलं. काजळीनं ती काळीभोर झाली होती, डिझेलचा वास येत होता. "आत काय हाय?"

"चांदी."

"चांदी?" त्यांचा आवाज एकदम बदलला. "ही आख्खी?"

"आख्खी नाही, आत. लेपात." मी म्हणाले आणि स्वयंपाकाला लागले. एवढी काजळी गरम हवेत आपोआप जळून जाते, तोवर वीट काळीच राहू द्यायची आहे, हे सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. कुणाच्या आलं असतं?

खंडेनवमीच्या सकाळी मी शहागंजला गेले. विटेच्या पाइपाला लागणारी एक पट्टी बदलायची होती आणि ती तिथल्याच एका दुकानात मिळते. दुकान उघडं होतं, पण मालक हत्यारांची पूजा मांडत होते. गिऱ्हाइकानं थांबायचं. पाने, पक्कड, हातोडी, वजनकाटा, सगळं घासूनपुसून ओळीनं लावलेलं, वर झेंडूची फुलं. आरती, नारळ, प्रसाद. मला तिथं उभं राहून नुसता घोर लागला होता. शेवटी पट्टी मिळाली, वर पेढाही मिळाला, आणि मी गर्दीतून वाट काढत घरी आले.

दार उघडलं आणि आधी वास आला. चिंचेचा. त्यात कपड्यांच्या पावडरीचा.

खोलीच्या मधोमध पाट होता. त्यावर आबांची बागेतली कात्री, जी ते शहरातही पिशवीत घालून आणतात. माझी विळी. माझा लॅपटॉप, त्यावर हळदीकुंकवाचं बोट. स्कूटीची दुसरी चावी. आणि सगळ्यांच्या मध्ये, सर्वांत उंच, माझी वीट. पांढरी. ओली. तिच्यावर हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या. काही पाकळ्या भोकांत अडकल्या होत्या.

आबा शेजारी मांडी घालून बसले होते. काळा चष्मा कपाळावर. हातात झाडूची एक काडी.

"ये ये," ते म्हणाले. "तुझीच वाट बघत व्हतो. नारळ तूच फोड."

मी विचारलं, "आबा, हे काय केलंत?"

"पुजा. औंदा मला माझी करता नाय आली, म्हणलं तुझी तरी करावी. लई काळी झाल्ती. चांदी काळी ठिवून पुजा करत्यात व्हय? चिंचेच्या कोळात बुडविली, मग पावडरीनं धुतली. भोकात लई घाण, काडी घालून घालून काढली. सकाळधरनं तेच करतोय." आणि अगदी समाधानानं त्यांनी पुढं म्हटलं, "आता कशी उजळली बघ."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. मी पाटावरून वीट उचलली, पालथी केली. पाणी गळलं. पाण्याबरोबर पांढरी भुकटी. ती भुकटी म्हणजे माझा लेप. चिंचेच्या आंबटानं चांदी सुटली असणार, पावडरीतल्या सोड्यानं उरलेली मारली असणार, आणि ज्या भिंतींना मी कधी बोट लावलं नव्हतं त्या भिंती माझ्या बापानं झाडूच्या काडीनं, एकेक भोक करत, खरवडून काढल्या होत्या.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. "ती देवाची चांदी नाही! ती घासायची नसते! तुम्हाला हात लावायला कुणी सांगितलं होतं?" असं काहीतरी. खालच्या घरमालकीणबाई जिन्यापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

आबांनी काडी बाजूला ठेवली. "चांदी चांदीच असती," ते हळू म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पुन्हा लावता येती का?"

"नाही येत!"

खरं तर येते. पण लेप द्यायचा, वाळवायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा चांदीच्या द्रावणात बुडवायचा, पुन्हा भाजायचा. भट्टी दुसऱ्या विभागात, तिची किल्ली ज्यांच्याकडे ते गावी गेलेले. चांदीच्या द्रावणाची बाटली संपलेली, नवी मागवली तर यायला महिना. मी सगळीकडे फोन केले. लोक मला दसऱ्याच्या शुभेच्छा देत होते आणि मी दात ओठ खात "तुम्हालाही" म्हणत होते.

सरांना सांगितलं तेव्हा ते सासुरवाडीला होते, मागं भांड्यांचा आवाज येत होता. ते उठून बाहेर आले. मग म्हणाले, "हे कुणाला सांगायचं नाही. जुने आकडे दाखवू. प्रत्यक्ष चालवायला सांगितलं आणि फरक दिसला नाही, तर ॲनालायझरवर ढकलू. त्याचं सर्टिफिकेट तसंही जुनं झालंय."

मी हो म्हणाले. मला मुदतवाढ हवी होती आणि त्या क्षणी ती कुठल्याही दारानं आली असती तरी मी दार उघडलं असतं.

पुढचे दिवस आबा आणि मी एका खोलीत राहत होतो आणि बोलत नव्हतो. मी वीट शुद्ध पाण्यात बुडवून ठेवली, गॅसवर तवा ठेवून वाळवली, काहीतरी उरलं असेल अशी वेडी आशा धरली. आबा खुर्चीतून बघायचे. एकदाच विचारलं, "चालंल का?" मी तव्यावरची वीट उलटी केली. त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकायचे असायचे, ते मी टाकायचे, तेही न बोलता. राग आला की माझा हात जड होतो, म्हणून थेंब टाकताना मी श्वास रोखून धरायचे.

समितीच्या दिवशी दुपारी आबांची डोळ्याची तपासणी होती. दवाखाना विद्यापीठाच्या बाजूला. त्यांना एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून सोबत घेतलं आणि लॅबच्या दारापाशी स्टुलावर बसवलं. धोतर, पांढरी टोपी, काळा चष्मा. माझ्या कामाच्या जागी ते पहिल्यांदाच आले होते. मी त्यांना काहीही दाखवलं नाही.

समितीत तिघं होते. अध्यक्ष एका मोठ्या कारखान्यात इंजिनांवर काम करून निवृत्त झालेले. त्यांनी जुने आकडे पाहिले, खूश झाले, आणि नेमकं तेच म्हणाले ज्याची भीती होती. "चला, चालवून दाखवा."

इंजिन सुरू झालं. काचा थरथरल्या. विटेचं तापमान चढेपर्यंत आम्ही सगळे नुसते उभे होतो. मग मी धुरात डिझेल सोडलं आणि ॲनालायझरकडे पाहिलं. विटेच्या अलीकडचा आकडा आणि पलीकडचा आकडा. दोन्ही एकच. मी डिझेल वाढवलं. दोन्ही एकच. कोपऱ्यातून मला धुराचा उग्र वास येत होता आणि आता मी इथंच जमिनीत गेले तर बरं, असं वाटत होतं.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

सरांनी घसा साफ केला. "ॲनालायझर जरा..."

"सायेब, ती वीट म्या धुतली."

सगळे दाराकडे वळले. आबा स्टुलावरून उठून उभे राहिले होते. इंजिनाच्या आवाजात ऐकू जावं म्हणून ओरडून बोलत होते, शेतात बांधावरून बोलतात तसे. "खंडेनवमीला. चिंचेनं धुतली. पोरीचा काय दोष नाय. मशीन बी चांगली हाय. आत चांदी हाय म्हणली म्हणून म्या धुतली."

सरांनी इंजिन बंद केलं. एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत समितीतले एक गृहस्थ हसले. मग दुसरे. अध्यक्षही. वाईट हसणं नव्हतं ते, आपल्या घरातलं काही आठवलं की माणूस हसतो तसं. एकानं तर आपल्या आईनं दसऱ्याला टीव्हीचा रिमोट धुतला होता, ते सांगितलं. माझ्या मात्र अंगाची लाही लाही होत होती. माझी सगळी वर्षं त्या हसण्यात वाहून चालली होती आणि कुणाला ते दिसत नव्हतं. आबा हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

अध्यक्ष त्यांच्याजवळ गेले, हात जोडले. "बाबा, तुमचं काही चुकलं नाही," असं म्हणाले. मग मला बाजूला घेऊन बोलले, आणि आबांना ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर बोलले. "आकडे उत्तम आहेत. पण खरं सांगतो. हे ट्रकवर बसणार. ट्रक कोण चालवतो? दसऱ्याला करमाडच्या ढाब्यांपुढं जाऊन बघा, प्रत्येक ट्रक पाइप लावून, पावडर टाकून धुतलेला असतो. घरातल्या माणसाच्या हातून जी वाचली नाही, ती तिथं काय वाचणार?"

मी म्हणाले की विटेवर पत्र्याचं आवरण असतं, कुणी काडी घालत नाही, एका चुकीवरून असं ठरवता येत नाही. सगळं बरोबर होतं. ते मान डोलवत राहिले, समजून घेतल्यासारखी. त्या मान डोलावण्यात उत्तर होतं. मुदतवाढ देत नाही आहोत, हे त्यांनी चहा घेताना सरांना सांगितलं आणि सरांनी मला.

रिक्षात आबा बाहेर बघत बसले होते. तपासणीला उशीर झाला होता. मकाई दरवाजापाशी गर्दीत रिक्षा अडकली, पुढं एक टेम्पो, त्याच्या बंपरला अजून आंब्याच्या पानांची सुकलेली माळ.

"त्ये सायेब म्हणले त्ये खरं हाय का?" आबांनी विचारलं. "ट्रकवाल्यानं धुतली तर खराब व्हईल?"

"होईल बहुतेक."

रिक्षा पुढं सरकल्यावर ते फार जपून, एकेक शब्द तपासून ठेवल्यासारखं म्हणाले, "म्हंजे म्या धुतली नसती तरी, कदी ना कदी कुणीतरी धुतलीच असती."

ते माझ्याकडे बघत नव्हते. गुडघ्यावरचे हात घट्ट धरून बसले होते. मी नुसतं 'हो' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. एका अक्षराचं काम होतं. ते म्हटलं असतं तर गावी जाऊन ते शांत झोपले असते.

"कधीतरी धुतली असती, आबा," मी म्हणाले. "आज चालली असती."